न्याहारीविषयी विचारू नये

ती ज्या खुर्चीत बसली, ती खुर्ची तिच्यासाठी नव्हतीच. एका नामांकित पहिलवानासाठी होती. पण पहिलवान लिफ्टमध्ये अडकला होता. लिफ्ट बंद पडली नव्हती. पहिलवानच दारात बसला होता, अर्धा आत नि अर्धा बाहेर, आणि त्याला सोडवायला वाहिनीचे निम्मे कर्मचारी खाली धावले होते. तोवर स्टुडिओतली आवाजाची तपासणी खोळंबलेली.

"अहो, निळ्या पिशवीवाल्या... जरा बसता का इथे?"

तिनं मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती.

"तुम्हालाच म्हणतोय. पाच मिनिटं फक्त. माणसाचा आवाज हवाय."

"माणसाचा की पहिलवानाचा?"

"तुमचा चालेल. नाजूक पहिलवान समजून घेऊ."

ती होती भाषांतरकार. पिशवीत चारशे पानांचा एक ठोकळा होता, तो पोचवायचा आणि घरी जायचं, एवढंच तिचं त्या दिवशीचं काम. पण तो 'बसा' असं काही म्हणाला की ती बसली.

त्याच्या गळ्यात हेडफोन, मनगटात चिकटपट्टीचं वेटोळं बांगडीसारखं, आणि कान असे, की देवानं आधी कान घडवले आणि उरलेल्या मातीत बाकीचा माणूस बसवला असं वाटावं. सगळा स्टुडिओ त्याला कानसेन म्हणायचा. तिसऱ्या मजल्यावर कुणी थाप मारली तर तळमजल्यावर याला ऐकू येते, अशी त्याची ख्याती.

त्यानं बोराएवढा माईक तिच्या कॉलरला लावला.

"माफ करा हं, बोटं गार आहेत. एसीचा दोष, माझा नाही."

ती ताठ बसली, श्वास रोखून.

"श्वास घेतलात तरी चालेल. माईक काही म्हणत नाही."

तिनं श्वास घेतला. जरा जास्तच घेतला.

"आता बोला काहीतरी."

"काय बोलू?"

"सकाळी काय खाल्लंत?"

आता हा प्रश्न तसा साधा. पण तिला तो कितीतरी वर्षांत कुणी विचारला नव्हता. लोक विचारायचे भाषांतर झालं का, पानं किती, आणि सोमवारपर्यंत होईल का. तेव्हा ती मनापासून सांगायला लागली. एक करपलेला टोस्ट आणि अर्धं केळं. टोस्ट करपला, कारण आत्या. आत्या उभी हयात टेलिफोन खात्यात दुसऱ्यांचे फोन जोडून देत होती, त्यामुळे आजही कुठं दोघं बोलत असले की तिचं लक्ष तव्यावर राहत नाही. उरलेलं अर्धं केळं आत्याचं, कारण सकाळी अख्खं केळं खाणाऱ्या मुली आळशी होतात असं आत्याचं मत... मग आत्याची मतं, मग परक्या भाषा शिकण्याचा नाद, मग रद्दीत मिळालेला पहिला शब्दकोश, ज्यात 'म' पासूनची पानंच नव्हती, त्यामुळे तिला त्या भाषेत 'माणूस' म्हणता येत नव्हतं पण 'पाऊस' म्हणता यायचं...

"पाऊस 'प' वर येतो. 'म' च्या आधी," तो डोळे मिटून म्हणाला. म्हणजे ऐकत होता.

"आणि मग?" असंही त्यानंच विचारलं, आणि ती पुढे सांगत गेली.

अकरा मिनिटं गेली. मग तेल लावून सोडवलेला पहिलवान आला आणि ती उठली, थेट दाराकडे चालू लागली.

"थांबा, थांबा... माईक घेऊन चाललात माझा."

प्रेमात पडायला कुणाला पत्रं लागतात, कुणाला चांदणं लागतं. हिचं अर्ध्या केळ्यात भागलं.

पिशवीतल्या ठोकळ्याचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यानंच केलं. वाहिनीला गप्पांचा कार्यक्रम काढायचा होता, टॉक शो. तुम्हाला वाटेल, त्यात काय, दोन खुर्च्या मांडल्या की झालं. तसं नसतं. परदेशातल्या कंपन्या अशा कार्यक्रमाचा फॉर्मॅट विकतात आणि सोबत एक जाडजूड पुस्तक देतात. खुर्च्या किती, पाण्याचा पेला कुठल्या हाताला, यजमानानं कधी हसायचं, सगळं त्यात. स्टुडिओत त्याला म्हणायचे पोथी. आणि भाषांतर करून आणणारी ती पोथीवाली.

वाहिनीनं वर्षात तीन पोथ्या आणल्या. पहिल्या देशाच्या पोथीत यजमान उंच टेबलामागे बसे आणि पाहुणा शेजारी खालच्या कोचावर, नोकरी मागायला आल्यासारखा. पहिला विनोद यजमानानं स्वतःवरच करायचा, हा नियम. आपल्या यजमानाला सगळे धबधबा म्हणत, यावरून त्याच्या बोलण्याची कल्पना यावी. पण स्वतःवर विनोद करायचा म्हटलं की तो आटायचा. ती पोथी तीन महिन्यांत मिटली. दुसऱ्या देशाच्या पोथीत टेबलच नाही. सगळे पाहुणे एका लांबलचक कोचावर, बसथांब्यावर बसल्यासारखे, आणि एकदा बसला तो शेवटपर्यंत उठायचा नाही, दुसऱ्याच्या गोष्टीत खुशाल तोंड घालायचं. आणखी एका देशात म्हणे पाहुण्यापेक्षा पाहुण्याकडे बघून तोंड वासणारी माणसंच पडद्याच्या कोपऱ्यात चौकटीत दाखवतात. तिला या सगळ्याचं भारी वेड. माणसं एकमेकांशी बोलतात कशी, हे देशोदेशी वेगळं, आणि ते असं कलमवार लिहून ठेवलेलं.

पहिलवान त्या दिवशी आला होता तो दुसऱ्याच कार्यक्रमाला; इथं टेबलाच्या पोथीत माईक टेबलावर असायचा. कोचाच्या पोथीत तो कॉलरवर आला. बिघडलं ते इथूनच.

कारण आता पोथीवाली रोज स्टुडिओत येऊ लागली. पोथीत शंका आली तर सोडवायला कुणी हवं, असं तिनंच साहेबांना पटवलं होतं. साहेब म्हणजे निर्माते. त्यांना शंका येतच नसत, पण नाही म्हणायचा त्यांना कंटाळा. आणि तिथं बसल्या बसल्या तिला ऐकू आलं...

"सकाळी काय खाल्लंत?"

पहिलवान पुन्हा आला, त्याला विचारलं ते तिनं सोडून दिलं. (बारा अंडी.) एका न्यायाधीशबाईंना विचारलं, तेही सोडलं, त्यांची साठी उलटली होती. मग आली नटी.

नटी म्हणजे त्या वर्षीची सगळ्यात गाजलेली नटी. ती आत आली की दिवे आपोआप तिच्याकडे वळत. तिनं मान किंचित तिरकी केली, केस बाजूला घेतले, आणि कानसेन वाकला.

"अगंबाई... किती गार बोटं तुमची."

"माफ करा हं. एसीचा दोष, माझा नाही."

पोथीवालीच्या हातातली पेन्सिल मोडली. तेच वाक्य. शब्दाला शब्द, स्वल्पविरामासकट.

"बोला काहीतरी," तो म्हणाला. "सकाळी काय खाल्लंत?"

"मी?" नटी हसली. "मी सकाळी नुसती आरशात बघते. पोट भरतं."

आणि तो हसला. हेडफोनमध्ये, डोळे मिटून.

त्या दिवशी ती घरी गेली ती चप्पल एकीकडे, पिशवी दुसरीकडे.

"काय झालं?" आत्यानं विचारलं.

"काही नाही."

"काही नाही म्हणताना आवाज वर गेलाय तुझा. तीस वर्षं फोन जोडलेत मी. कुणाशी भांडलीस?"

"कुणाशीच नाही. आत्या, एखादा माणूस सगळ्यांनाच विचारत असेल, सकाळी काय खाल्लं म्हणून... तर त्याला काय म्हणायचं?"

"आचारी."

"गंमत नको."

"मग डॉक्टर." आत्यानं चष्मा वर केला. "तुला विचारलं आणि दुसरीलाही विचारलं, असं आहे का? दुसरी दिसायला बरी आहे?"

"बरी? तिच्याकडे बघून कॅमेऱ्याची काच पुसावी लागते."

"हं." आत्या टोस्ट उलटायला गेली. तो करपला होता. "एक सांगते. मत्सराला पाट द्यावा, पाणी द्यावं, पण हातात लेखणी देऊ नये. मागे आमच्यातल्या एकीनं रागाच्या भरात एका साहेबांचा फोन त्यांच्या बायकोऐवजी सासूला जोडला होता..."

पुढचं तिनं ऐकलंच नाही. ऐकायला हवं होतं, कारण तिसरी पोथी त्याच आठवड्यात तिच्या टेबलावर आली.

ही होती सहा महिने बर्फाखाली राहणाऱ्या एका देशाची. त्यांच्या फॉर्मॅटमध्ये टेबल नव्हतं, कोच नव्हता. दोन साध्या खुर्च्या, मध्ये काही नाही. यजमानानं एक प्रश्न विचारायचा, पाहुण्याचं उत्तर संपलं की गप्प बसायचं. नऊ सेकंद, घड्याळ लावून. आठ सेकंदांत माणूस सुचलेलं बोलतो, असं पोथी म्हणत होती. नवव्याला असलेलं बोलतो. त्या देशात गप्प बसणं म्हणजे मान देणं. आपल्याकडे दोन माणसं नऊ सेकंद गप्प बसली तर तिसरा येऊन विचारतो, भांडलात का.

आणि पान एकशे बारावर एक साधी ओळ होती. 'ध्वनियंत्रक पाहुण्याच्या कॉलरला माईक लावेल आणि पातळी तपासण्यासाठी एखादा सोपा प्रश्न विचारेल.'

सकाळचे अकरा वाजले होते. बाहेर लख्ख ऊन. तिनं ती ओळ वाचली आणि तिला नटीची तिरकी मान दिसली. मग तिनं स्वच्छ, सुवाच्य अक्षरात लिहिलं:

'ध्वनियंत्रकाने पाहुण्यास, विशेषतः पाहुणीस, हात लावू नये. माईक काठीच्या टोकास बांधून चार हातांवरून धरावा. ध्वनियंत्रकाने पाहुण्यांशी बोलू नये. न्याहारीविषयी तर मुळीच विचारू नये.'

खोडायचं होतं पण राहून गेलं, असं ती पुढे कधी कधी सांगायची. ते काही खरं नाही. तिनं ते तीनदा वाचलं, एक स्वल्पविराम सुधारला आणि पाठवून दिलं.

साहेबांनी पोथी वाचली नाही, पण तिच्यावर हात ठेवून सांगितलं, "यातली काना-मात्रा बदलायची नाही. करार आहे." झालं. पान एकशे बारा हा कायदा झाला. कानसेनच्या हातात दहा फुटी काठी आली, टोकाला केसाळ कापडात गुंडाळलेला माईक, मेलेल्या मांजरासारखा दिसणारा. नटी पुन्हा आली, तिनं सवयीनं मान तिरकी केली, आणि वर बघते तर मांजर.

पोथीवालीला त्या दिवशी जेवण गोड लागलं.

दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये तो तिच्या समोरच येऊन बसला. चहाचा कप डाव्या हातात.

"एक शंका होती पोथीबद्दल."

"विचारा ना." तिनं साखर ढवळली. साखर तिनं घातलीच नव्हती.

"त्या देशात न्याहारीचं एवढं काय वावडं?"

"असतं... काही लोकांत. खाजगी मानतात."

"न्याहारी?"

"फार खाजगी. नवरा-बायकोसुद्धा एकमेकांना विचारत नाहीत तिकडे."

"अरेरे." तो कपात बघत म्हणाला. "आणि 'विशेषतः पाहुणीस' हे?"

"ते... व्याकरण आहे त्यांचं. तिथं सगळ्या कडक गोष्टी स्त्रीलिंगी."

"असं." त्यानं चहाचा घोट घेतला. त्याचे कान किंचित लाल झाले होते. पण कँटीनचा चहाच तसा गरम असे. "भाषा शिकायला हवी एखादी. किती काय काय असतं लोकांत."

तो उठला तेव्हा तिनं पाहिलं, कप त्यानं डाव्या हातानंच उचलला होता आणि उजवा खांदा शर्टाखाली जाड दिसत होता. वेदनाशामक पट्टी. रोज सहा तास दहा फुटी काठी डोक्यावर धरायची म्हणजे...

साखर नसलेला चहा तिला एकदम कडू लागला. सांगून टाकावं, असं वाटलं. पण सांगायचं म्हणजे कारण सांगायचं. आणि कारण सांगायचं म्हणजे... छे.

त्यात आवाजाच्या तक्रारी सुरू झाल्या. चार हातांवरच्या माईकला पाहुणा ऐकू येई, पण सोबत एसीही येई, खुर्चीची करकर येई, आणि एका भागात तर पहिल्या रांगेतल्या गृहस्थांचं पोट यजमानापेक्षा स्पष्ट बोललं. साहेब सगळ्यांसमोर कानसेनवर खेकसले. पोथीकडे बोट दाखवणं त्याला सोपं होतं. त्यानं ते केलं नाही.

आणि मग बर्फाच्या देशातून तपासनीस आली.

फॉर्मॅट विकणाऱ्या कंपन्या असं माणूस पाठवतात, पोथीप्रमाणे सगळं चाललंय की नाही बघायला. ही बाई इतकी उंच होती, की विमानात तिला दोन पत्ते विचारले असावेत, एक पायांचा आणि एक डोक्याचा. स्टुडिओनं तासाभरात तिचं नाव शिडी ठेवलं. तिची भाषा येणारं एकच माणूस तिथं होतं. तेव्हा दिवसभर शिडी पुढे आणि पोथीवाली तिच्या कोपराशी.

शिडीनं काठी पाहिली, मांजर पाहिलं, भुवई उंचावली. मग काही न बोलता कानसेनच्या कानांवरचा हेडफोन उचलून स्वतःच्या कानांना लावला आणि उभी राहिली. पूर्ण भाग संपेपर्यंत. त्याच्या इतकी जवळ, की काठीची सावली दोघांवर मिळून एकच पडली होती. पोथीवालीनं त्या दिवशी तीन पेन्सिली मोडल्या.

चित्रीकरण संपल्यावर शिडीनं कानसेनला बाहेरच्या बोळात गाठलं आणि ती बराच वेळ बोलली. हसून, हात हलवत, दोनदा त्याच्या कानांकडे बोट करून.

"काय म्हणतात बाई?" त्यानं विचारलं.

बाई म्हणत होती, असा कान मी वीस वर्षांत पाहिला नाही. म्हणत होती, याला विचार, आमच्याकडे वर्षभर काम करायला येशील का. राहायला घर देऊ. उत्तर मी जाण्याआधी दे म्हणावं.

पोथीवालीनं घसा साफ केला.

"त्या म्हणतात... तुमच्या बुटाची नाडी सुटलीय."

त्यानं खाली पाहिलं. मग तिच्याकडे. मग पुन्हा खाली.

"एवढं मोठं वाक्य लागतं त्यांच्याकडे नाडीला?"

"थंड देश आहे. नाडीचं महत्त्व फार."

"आभारी आहे म्हणावं." तो वाकला, काहीतरी बांधल्यासारखं केलं आणि उभा राहिला. "आणखी काही म्हणाल्या?"

"नाही... एवढंच."

घरी आत्यानं सगळं ऐकून घेतलं. नेहमीसारखी मध्ये बोलली नाही, हेच वाईट चिन्ह होतं.

"त्याला जायचं असेल तर?" शेवटी ती म्हणाली.

"नसेल जायचं."

"ते तू ठरवलंस. दुसऱ्याचा फोन मध्येच तोडायचा नसतो, बाळ. जोडून द्यायचा आणि आपला कान बाजूला घ्यायचा. फार जड जातं. पण नोकरी तीच असते."

सकाळी तिच्या घशाखाली काही उतरलं नाही. केळंसुद्धा अख्खंच राहिलं.

दहा वाजता साहेबांच्या खोलीत बैठक. टेबलाभोवती साहेब, धबधबा, शिडी, आणि दाराशी काठीसकट कानसेन. ती शिडीशेजारी, मांडीवर मूळ पोथी आणि भाषांतर.

साहेबांनी हात जोडले. "बाईंना सांगा, आवाजाची तक्रार आम्हाला मान्य आहे. चूक आमच्या माणसाची. उद्यापासून आवाजाला दुसरा माणूस येतोय. याला आजच मोकळं करतो."

कानसेननं काठी भिंतीला टेकवली. तेवढाच आवाज झाला.

आता तिनं बोलायचं होतं. साहेबांचं वाक्य सांगितलं, तर त्याची नोकरी गेली आणि शिडीचं काम सोपं झालं. उद्याच्या विमानात तो तिच्या शेजारी. कालचं वाक्य आज सांगितलं, तरी विमान तेच. आणि काहीच सांगितलं नाही, तर तो काठी सोडून चालता झाला, त्याच्या कपाळी न केलेल्या चुकीचा शिक्का, आणि तो शिक्का तिनंच कोरलेला...

तिनं तोंड उघडलं. शब्द येईना. शिडी वाट पाहत होती; तिच्या देशात हा मान होता. साहेब चुळबुळले. धबधबा सवयीनं बोटांवर मोजू लागला... पाच... सहा... बाहेर एसीचं पाणी पत्र्यावर ठिबकत होतं... आठ...

"पान एकशे बारा माझं आहे," ती म्हणाली.

"म्हणजे?" साहेब.

"मूळ पोथीत ते नाही. काठी नाही, चार हात नाहीत, काहीच नाही. मी घातलं. आवाज त्यांच्यामुळे नाही, माझ्यामुळे बिघडला. काढायचं तर मला काढा." मग ती दाराकडे वळली, पण नजर काठीवर ठेवून. "आणि काल या बाई नाडीविषयी नव्हत्या बोलल्या. त्यांनी तुम्हाला वर्षभरासाठी बोलावलंय. घर देणार आहेत. उत्तर आज द्यायचंय. मी... सांगितलं नाही."

"ते ठाऊक होतं," कानसेन म्हणाला.

"कसं?"

त्यानं एक पाय पुढे केला. बुटाला नाडीच नव्हती. नुसता रबरी पट्टा.

धबधब्याला हसू आवरेना. साहेबांनी टेबलावर हात आपटला. "अहो पण का? करारात काड्या घालायचं कारण काय?"

"साहेब, ते कारण माझ्या खात्यातलं आहे," कानसेन म्हणाला. "मी बघतो."

इतक्यात शिडीनं तिच्या कोपराला हात लावला आणि विचारलं, काय चाललंय. आणि गंमत बघा, जे आपल्या भाषेत जिभेवर येत नव्हतं, ते परक्या भाषेत धडाधड आलं. नटी, मान, गार बोटं, न्याहारी, काठी, साहेबांनी त्याला काढल्याचं, सगळं. शिडी ऐकत राहिली. मग हसायला लागली. तळ्यावरचा बर्फ तडकत जावा तसं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

मग ती जे बोलली, ते पोथीवालीला स्वतःच खरं वाटेना. तिनं दोनदा विचारून घेतलं.

"त्या म्हणतात... नियम चांगला आहे. माईक अंगावर नसला की पाहुणा विसरतो की आपण ऐकले जातोय. नटीच्या भागात नवव्या सेकंदाला तिनं आवंढा गिळलेला ऐकू येतो. त्यांच्याकडे वीस वर्षांत असा आवंढा कुणी टिपला नाही. त्यासाठीच त्यांना हे हवे होते. आणि... पान एकशे बारा त्यांना मूळ पोथीत घालायचंय. जसंच्या तसं."

"न्याहारीसकट?" धबधब्यानं विचारलं.

"न्याहारीसकट."

साहेबांनी टेबलावरचा हात हळूच उचलला आणि कानसेनच्या पाठीवर ठेवला, नेमका दुखऱ्या खांद्यावर. "मी पहिल्यापासून म्हणत होतो, काठी ठेवा."

राहिला प्रश्न विमानाचा. शिडीनं कानसेनकडे पाहिलं. पोथीवालीनं दोघांच्या मधोमध उभं राहून, एक शब्द न गाळता, तिचं सगळं बोलणं सांगितलं. घर, पगार, बर्फ. आत्या म्हणाली होती तसं तिनं फोन जोडून दिला आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

"त्यांना सांगा, नाही," तो म्हणाला.

"एवढंच?"

"एवढंच. आभार माना. आणि म्हणावं, नाडी बांधली."

शिडीला ते कळलं नसावं. की कळलं असावं. तिनं वाकून, म्हणजे बरंच खाली येऊन, पोथीवालीचा गाल थोपटला आणि साहेबांना घेऊन निघून गेली.

बोळात तो काठीची एकेक नळी एकमेकीत सारत उभा होता. ती तीन पावलांवर थांबली.

"तुम्हाला कधी कळलं? पोथीचं?"

"न्याहारीची ओळ वाचली तेव्हाच. भाषांतर इतकं मनापासून कुणी करत नाही."

"मग काठी का धरलीत? महिनाभर... खांदा गेला तुमचा."

"माझ्यासाठी कुणी पहिल्यांदाच कायदा केला होता. मोडायचा कसा?"

ती हसली, आणि लगेच तिला आठवलं की आपण रागावलोय.

"पण नटीला तेच वाक्य म्हणालात. गार बोटं, एसीचा दोष. शब्दाला शब्द."

"सगळ्यांनाच म्हणतो. पहिलवानालाही म्हणालो होतो, तो लाजला." त्यानं काठी खाली ठेवली. "आवाजाची पातळी लागायला दहा सेकंद पुरतात. सगळ्यांना विचारतो, दहा सेकंद काटा बघतो, काय खाल्लं ते कानातसुद्धा शिरत नाही. नटीनं काय सांगितलं, विचारा मला."

"काय सांगितलं?"

"आठवत नाही. काहीतरी भिंग होतं का?"

"आरसा."

"असेल. एक टोस्ट, करपलेला. अर्धं केळं, उरलेलं आत्याचं. अख्खं खाल्लं तर मुली आळशी होतात. शब्दकोशात 'म' पासून पुढची पानं नव्हती, म्हणून माणूस नव्हता." तो थांबला. "दहा सेकंदांचं काम होतं. अकरा मिनिटं बसवून ठेवलं तुम्हाला. पहिलवान खाली अडकला होता, आणि मी मनात म्हणत होतो, अजून जरा अडक, बाबा."

ती काही बोलली नाही. तोही नाही. कुणी मोजत नव्हतं, पण नऊ सेकंद झाले असावेत, कारण त्यानंतर तो एकदम 'तू' वर आला.

"सकाळी काय खाल्लंस?"

"काहीच नाही."

"मग चल."

आज अकरा देशांत तो कार्यक्रम चालतो, आणि अकराही देशांत पाहुण्याला न्याहारीविषयी विचारत नाहीत. का, ते कुणाला ठाऊक नाही. एका विदुषीनं देशोदेशीच्या गप्पांच्या कार्यक्रमांवर मोठा प्रबंध लिहिलाय. त्यात पान एकशे बारावर साठ पानं आहेत, आणि बर्फाळ प्रदेशातल्या माणसांचा संकोचीपणा हे त्याचं मूळ कारण असल्याचं तिनं पुराव्यानिशी सिद्ध केलंय.

इकडे एका घरात मात्र तो नियम रोज सकाळी मोडला जातो. तो तिच्या समोरच बसलेला असतो, तिच्याच ताटलीतलं अर्धं केळं खात, तरी विचारतो. आणि ती सांगते, चांगली अकरा मिनिटं. तोवर आत्याचा टोस्ट करपतो.